जुनं पार्कर ५१ हाती लागलंय? आधी समजून घ्या, मग धुवा, मग लिहा

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरत होतो. एका पथारीवर गंजकी कुलुपं, बंद घड्याळं, चष्म्याच्या काड्या असा ढीग होता आणि त्यात एक मरून रंगाचं पेन. टोपण मळलेलं, त्यावर बाणाच्या आकाराची क्लिप. उघडून बघितलं तर पुढे निब नाहीच, नुसतं निमुळतं होत गेलेलं प्लॅस्टिक आणि टोकाला सोनेरी ठिपका. विकणारे काका म्हणाले, "निब तुटलीय त्याची, शोपीस म्हणून घ्या." मी म्हटलं काका, तुटली नाहीये, आत आहे, हे पेन असंच असतं. त्यांनी परत हातात घेतलं, नखाने टोक चाचपलं, आणि भाव थोडा वाढवला, जे बरोबरच होतं. मी घेतलं.

ते होतं पार्कर ५१. आज ते माझं रोजचं पेन आहे, हा लेखही आधी त्यानेच वहीत लिहिला. कुणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत, कपाटातल्या औषधाच्या डब्यात असं पेन निघतं आणि लोक एकतर घाबरून परत ठेवून देतात नाहीतर उत्साहाने पक्कड घेऊन बसतात. दोन्ही वाईट. म्हणून मी काय काय करतो ते क्रमाने सांगतो, आणि मुख्य म्हणजे का करतो ते सांगतो, कारण या पेनाचं "का" कळलं की "कसं" आपोआप लक्षात राहतं.

हे पेन एका शाईसाठी बनलं

पार्कर कंपनी १८८८ सालची, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल गावातली. १९३९ मध्ये हे पेन तयार होत आलं तेव्हा कंपनीचं ५१ वं वर्ष चालू होतं, नाव तिथून आलं, आणि १९४१ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं, किंमत साडेबारा डॉलर, जी त्या काळी पेनासाठी भरपूरच होती.

पार्करला एक झटकन वाळणारी शाई करायची होती, म्हणजे लिहिलं की टिपकागद लावायची गरजच नाही. अशी शाई त्यांनी केली, पण ती एवढी अल्कधर्मी आणि जहाल होती की तेव्हाची पेनं ज्या सेल्युलॉइड नावाच्या प्लॅस्टिकची असायची ते खराब करायची. मग अंगासाठी नवं मटेरियल शोधलं, ड्यूपाँट कंपनीचं ल्यूसाइट, म्हणजे ॲक्रिलिक, तेच जे दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचांसाठी वापरलं गेलं. दुसरी अडचण अशी की झटकन वाळणारी शाई कागदावर वाळते तशी निबवरही वाळणार. म्हणून निब उघडी ठेवलीच नाही, तिला नळकांड्यासारखा गोल आकार दिला आणि वरून प्लॅस्टिकची खोळ चढवली, तिला हूड म्हणतात. हूडच्या आत निबभोवती कलेक्टर नावाचा भाग आहे, एकावर एक पातळ चकत्या रचल्यासारखा. जास्तीची शाई त्या फटींमध्ये धरून ठेवली जाते, त्यामुळे पेन शाई ओकत नाही आणि निब कायम ओली राहते.

गंमत म्हणजे त्या शाईच्या बाटलीवरच लिहावं लागायचं की ही फक्त ५१ मध्येच वापरा. ती शाई केव्हाच गेली, पण तिच्यामुळे बनलेलं पेन राहिलं. आपण साधी शाई भरतो आणि तरी तो सगळा बंदोबस्त आपल्या कामाला येतो. पंख्याखाली टोपण काढून पेन हातात धरून विचार करत बसलो, आठ-दहा मिनिटं गेली, तरी टेकवलं की पहिलाच काना उमटतो. माझ्या दुसऱ्या कुठल्याही उघड्या निबच्या पेनाला हे जमत नाही.

दिसायला पण बघा, अंगावर नक्षी नाही, आटे दिसत नाहीत, टोपण काढलं तर नुसती एक सलग निमुळती रेष. बाउहाउस या जर्मन डिझाइन-शाळेचे मोहोली-नॉगी यांच्यासारख्या माणसाने या पेनाच्या डिझाइनचं कौतुक केलं होतं ते उगाच नाही. आणि ७ मे १९४५ ला फ्रान्समधल्या रेम्समध्ये जर्मनीची शरणागती झाली तेव्हा हेच पेन वापरलं गेलं, दोस्त सैन्याचे सेनापती आयझेनहॉवर आणि पार्कर कंपनीचे केनेथ पार्कर यांची मैत्री होती.

पहिलं काम: कुठलं ५१ आहे ते ओळखा

हे आधी कळायलाच हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. पेनाच्या मागच्या टोकाकडे बघा. टोकापासून साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर एक बारीक रेघ असेल आणि तो तुकडा फिरवून निघत असेल तर ते व्हॅक्युमॅटिक, १९४१ ते १९४८ च्या आसपासचं. आत बटणासारखा दांडा असतो आणि त्याच्यामागे रबराचा पडदा. रेघ नसेल, मागचा भाग अखंड असेल, तर बहुतेक एअरोमेट्रिक, म्हणजे १९४८ नंतरचं, ज्याच्या आत धातूच्या नळीत पारदर्शक पिशवी असते.

व्हॅक्युमॅटिकच्या नळीवर, म्हणजे पेनाच्या बाहेरच्या मागच्या अंगावर, छापलेल्या मजकुराशेजारी एक आकडा आणि कधी ठिपके असतात. आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक, ठिपके तिमाहीचे. ५ दिसला तर १९४५. भिंग लागेल, कारण बऱ्याचदा हाताने घासून घासून ते पुसट झालेलं असतं.

आता खरी गोष्ट. व्हॅक्युमॅटिकचं रबर इतक्या वर्षांत मेलेलं असणार असंच धरून चाला, आपल्याकडच्या उकाड्यात तर नक्कीच. पडदा बदलायला वेगळा पाना लागतो, अंदाज लागतो, घरी नाही करायचं ते. त्या उलट एअरोमेट्रिकची पिशवी रबराची नाहीच, पीव्हीसीची आहे, पार्कर तिला प्लाय-ग्लास म्हणायचं, आणि सत्तर-सत्तर वर्षांनी ती अजून मऊ निघते. माझ्या जुन्या बाजारातल्या पेनाची पिशवी चहासारखी तपकिरी झालीय पण लवचिक आहे, सोडली की लगेच फुगते. म्हणून पहिलंच ५१ घेणार असाल तर डोळे मिटून एअरोमेट्रिक घ्या.

हीरो ६१६ बद्दल पण सांगतो, कारण फसगत होते. आपल्याकडे दहावी-बारावीला भेट मिळणारं ते चिनी पेन, हूड तसंच, बाणासारखी क्लिप, वापरायला मस्त, माझंही पहिलं शाईपेन तेच. पण ते ५१ नाही. ५१ वर टोपणाच्या कडेला किंवा नळीवर धातूच्या कड्याजवळ पार्करचं नाव आणि कुठे बनवलं ते असतं, बहुतेक वेळा अमेरिका किंवा इंग्लंड. निबचं टोक गोल नळीसारखं वळलेलं दिसतं. पिशवीवरच्या धातूच्या नळीवर शाई भरायची पट्टी कशी दाबायची त्याच्या सूचना कोरलेल्या असतात.

घेण्याआधी दोन मिनिटं बघा

विकणाऱ्यासमोर घाई करू नका, उजेडात जा. हूडचं टोक आधी बघायचं, तिथे केसासारखी चीर असेल तर शाई तिथून झिरपणार. मग नळी फिरवून काढा, पण काढताना एक लक्षात ठेवा, कड्याच्या पुढे हूड आणि मागे नळी, दोन्हीकडे आटे आहेत. हूड गच्च धरून नळी जोरात फिरवलीत तर नळीऐवजी हूडच सैल होईल. हूड नुसतं आधाराला धरा, नळी हळू फिरवा, नाही निघाली तर सोडून द्या, घरी कोमट पाण्याने निघेल. नळी निघाली की तिच्या आट्यांच्या कडेला चीर आहे का ते बघा.

निब आणि हूड एका रेषेत हवेत. हूडचं टोक वरून थोडं चोचीसारखं असतं, निबची चीर बरोबर त्या चोचीच्या मध्याखाली यायला हवी. निब आतल्या आत एका बाजूला फिरली असेल तर लिहिताना हात वाकडा करावा लागतो आणि ती सरळ करायची म्हणजे हूड उघडणं आलं. अशा पेनाचा भाव निम्मा धरा.

शेवटी टोपण. हे टोपण आट्यांचं नाही, सरकवायचं असतं, आतल्या स्प्रिंगच्या पात्या कड्यावर बसतात आणि एक मऊ पकड जाणवते, टक असा आवाज येत नाही, नुसतं थांबतं. ढिलं असेल तर खिशातून पेन खाली जाणार. टोपणाला बारीक पोचा असेल तर मला चालतो, लिहिण्याशी त्याचा संबंध नाही.

धुणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पेनात कुणीतरी शाई भरून तशीच सोडलेली असते, कधी तीस वर्षं, आणि कलेक्टरच्या फटींमध्ये ती दगडासारखी बसलेली असते. "लिहीत नाही" म्हणून विकली जाणारी बहुतेक एअरोमेट्रिक पेनं खराब नसतात, फक्त तुंबलेली असतात.

लागतं काय, तर काचेचा छोटा ग्लास, साधं गार किंवा जेमतेम कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, जुना सुती कपडा. बोअरचं पाणी असेल तर ते वापरू नका, फिल्टरचं घ्या, शेवटच्या धुण्याला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळालं तर उत्तम. गरम पाणी अजिबात नाही. आणि स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नाही. हे मी जोर देऊन सांगतोय कारण आजकाल प्रत्येकजण काहीही हातात आलं की सॅनिटायझरने पुसतो, आणि ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की आत बारीक बारीक चिरा उमटू शकतात, काचेवर तडे गेल्यासारख्या, आणि त्या कशानेच जात नाहीत.

नळी काढून ठेवा. टोपण पण बाजूला. निब पाण्यात बुडवा, धातूच्या नळीवरची रेघा असलेली पट्टी दाबा, सोडा, मनात पाच म्हणा, परत दाबा. पहिल्या चार-पाच वेळा पाणी वर जाणारच नाही किंवा पिशवी फुगायला खूप वेळ लागेल, घाबरायचं नाही, जोर वाढवायचा नाही. मग ग्लासात एवढंच पाणी ठेवा की हूडचा पुढचा भाग बुडेल, धातूचं कडं बाहेर राहील, आणि पेन रात्रभर तसंच उभं सोडा.

माझ्या पेनाचं सांगतो. पहिल्या रात्री ग्लासाच्या तळाशी काळसर ढग जमला, सकाळी पाणी हलवलं तर तो धुरासारखा वर आला. पाणी बदललं, साबणाचा थेंब टाकून दहा-बारा वेळा दाबलं, तर काळ्याऐवजी जांभळं यायला लागलं. दुसऱ्या रात्री निळं. मला वाटलं झालं, पण तिसऱ्या दिवशी कपड्यावर निब टेकवली तर परत गडद ठिपका उमटला, म्हणजे कलेक्टरमधून अजून येतच होतं. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पाणी स्वच्छ, आणि पट्टी सोडल्यावर पिशवी एका झटक्यात भरत होती, तो फरक बोटाला स्पष्ट कळतो. आठवडा लागला तरी लागू दे, यात कष्ट काही नाहीत, येता-जाता पाणी बदलायचं एवढंच.

साबण वापरलात तर नंतर साध्या पाण्याने पंधरा-वीस वेळा धुवा, साबण राहिला तर शाई कागदावर फुटते. धातूची नळी ओढून काढू नका, तिच्या आत पिशवी आहे, तिला बघायची गरज नाही.

पाणी भरून परीक्षा

शाईआधी पाण्यानेच तपासा, म्हणजे गडबड निघाली तर हात-कपडे वाचतील. निब बुडवून सहा वेळा दाबा, प्रत्येक वेळी थांबून. मग निब खाली ठेवूनच पेन बाहेर काढा, पुसा, आणि रिकाम्या ग्लासात टिश्यूवर उभं करून तासभर सोडा. टिश्यू थोडा ओला होणार, ते ठीक. पण धातूच्या नळीबाहेर, आट्यांपाशी थेंब दिसले तर पिशवीला भोक आहे किंवा ती मानेवरून सैल झालीय.

एवढ्या वेळा का दाबायचं तेही सांगतो. पिशवीच्या आत मध्यभागी एक बारीक नळी असते, जवळपास पिशवीच्या टोकापर्यंत जाणारी, सुरुवातीच्या पेनांत चांदीची. दाबलं की हवा त्या नळीतून बाहेर जाते, सोडलं की शाई आत येते आणि नळीच्या भोवती साठते. पुढच्या दाबाला परत हवाच बाहेर जाते, कारण नळीचं तोंड शाईच्या वर असतं. असं टप्प्याटप्प्याने भरत जातं. जे एकदाच दाबून "थोडीच भरते" म्हणतात त्यांची पाव पिशवीच भरलेली असते. सहा दाबांनंतरही पाणी कमी निघालं तर ती आतली नळी तुंबलीय किंवा निसटलीय असं समजा, आणि पहिल्या शंकेवर परत धुवा.

धुऊन झालं की निबभोवती सुती कपड्याची घडी बांधून पेन निब खाली करून एक दिवस ठेवा. कलेक्टर पाणी फार धरून ठेवतो, तो पुरता कोरडा झाला नाही तर पहिली दोन पानं फिकट येतात. माझी आलीच, मला वाटलं शाईच पाणचट आहे.

शाई कुठली

साधी. निळी किंवा निळी-काळी, कॅमलिन, ब्रिल, क्विंक, जी जवळच्या दुकानात मिळते ती. चकाकीवाली, सोनेरी कण असलेली, वॉटरप्रूफ ड्रॉइंगची शाई, इंडियन इंक यातलं काहीही या पेनात घालू नका. एवढ्या बारीक फटींचा कलेक्टर आत आहे, तो एकदा कणांनी भरला तर पाण्याने निघत नाही. लाल आणि गुलाबी शाया पिशवीला रंग चढवतात, काम बिघडत नाही पण पिशवी कधीच परत स्वच्छ दिसत नाही.

भरताना निब पूर्ण बुडवा, हूडचा पुढचा एक सेंटिमीटर शाईत गेला पाहिजे, नाहीतर हवा ओढली जाते. दौत खोल आणि तळाशी शाई थोडीच उरली असेल तर ती छोट्या बाटलीत काढून घ्या. भरून झालं की हूड आणि कडं कपड्याने पुसा, विशेषतः कड्याच्या फटीत राहिलेली शाई, नाहीतर टोपण लावलं की ती आत जाते आणि पुढच्या वेळी बोटं रंगतात.

कागदावर

आता धरायचं कसं. उघड्या निबच्या पेनात निबची पाठ दिसते म्हणून आपण आपोआप सरळ धरतो. इथे निब झाकलेली, त्यामुळे पेन बोटात थोडं फिरतं आणि कळत नाही, आणि मग लोक म्हणतात खरखरतं. उपाय सोपा आहे. टोपण मागे लावा आणि क्लिप बरोबर हूडच्या चोचीच्या रेषेत आणा. लिहिताना क्लिप आभाळाकडे राहिली की निब बरोबर बसलीय. आठवड्यात हाताला सवय होते, मग टोपण मागे लावायची गरज नाही, आणि नाही लावलं तर बरंच, कारण टोपणाच्या पात्यांनी मागे गोल ओरखडे पडतात.

तपासायला रेघोट्या मारू नका, आपली लिपी लिहा. मी आधी पानभर लांबलचक शिरोरेषा मारतो, डावीकडून उजवीकडे, सावकाश, एक श्वास घेत. रेघ मध्येच फिकी पडली तर शाई पुरत नाहीये. मग ओळभर काने, वरून खाली. मग ळ, क्ष, ज्ञ, ठ्ठ, श्री, म्हणजे वळणं आणि गाठी. ज्ञ च्या पोटात शाई साठून काळं झालं तर निब तुमच्या अक्षराला जाड आहे. देवनागरीला रोमनपेक्षा बारीक निब लागते असं माझं मत आहे, कारण आपण मात्रा, वेलांटी, अनुस्वार, अर्धं अक्षर सगळं एका ओळीत कोंबतो. ५१ ची मध्यम निब आपल्या हाताला जरा जाडच पडते, ओली पण असते, बारीक मिळाली तर सोडू नका.

लवचिकता शोधत असाल तर हे पेन तुमच्यासाठी नाही. नळीसारखी निब आहे, ती वाकत नाही, दाबून जाड-बारीक करायला गेलात तर आत बिघाड होईल. हिची गोडी वेगळी आहे, कागदावर टेकवल्यापासून उचलेपर्यंत एकसारखी रेघ, दाब द्यायचाच नाही, पेनाच्या वजनावर लिहायचं. मी मुद्दाम एकदा अंगठा आणि दोन बोटांत अगदी सैल धरून पान भरलं, शाई कुठेही तुटली नाही. बॉलपेनने दाबून लिहिणाऱ्यांचं मनगट दुखतं ना, त्यांनी हे करून बघावं.

आणि एक, टोक आधीच्या मालकाच्या हाताने घासलेलं असतं. तो आडवं धरत असेल तर टोक तसं झिजलेलं असतं. पेन थोडं खाली-वर करून बघा, एका कोनात ते अचानक लोण्यासारखं चालायला लागतं. तो कोन तुमच्या हाताला सोसत असेल तर तिथेच राहा.

खरखरत असेल तर

आधी कुठल्या दिशेला खरखरतं ते बघा. डावीकडे जाताना खरखर आणि उजवीकडे जाताना नाही, असं असेल तर निबच्या दोन पात्यांपैकी एक खाली उतरलीय. मोबाइलचा कॅमेरा झूम करून किंवा घड्याळजीच्या भिंगातून टोक समोरून बघा, टोकावरच्या दाण्याचे दोन्ही अर्धे भाग एका पातळीत दिसले पाहिजेत. खाली असलेली पाती नखाने हलकेच वर ढकला, दोन सेकंद धरा, सोडा, परत बघा. एका वेळी केसाएवढंच. तीन-चार प्रयत्नांत जमतं.

सगळ्याच दिशांना खरखर असेल तर पहिला संशय कागदावर घ्या, मग धुण्यावर. पॉलिश पेपर, दाढीचं ब्लेड, काच, असलं काही टोकाला लावू नका. हा दाणा घासला गेला की परत येत नाही, आणि नळीसारखी निब असल्यामुळे दुसरी मिळवणं, बसवणं सोपं नाही.

हूड उघडायचं का

नाही. हूड लाखेपासून बनणाऱ्या शेलॅकने चिकटवलेलं असतं, कोरड्या उष्णतेने ते सैल करून उघडता येतं पण तीच उष्णता थोडी जास्त झाली की ॲक्रिलिक वाकतं. माझ्या मामांचं एक निळं ५१ आम्ही दुरुस्तीला एका दुकानात दिलं होतं, त्यांनी हूड पक्कडीने फिरवून काढलं, लिहायला लागलं पेन पण हूडवर दातांच्या खुणा कायमच्या राहिल्या, आणि निबची चीर चोचीच्या मध्याखाली राहिली नाही. मामा काही बोलले नाहीत, पण ते पेन त्यांनी परत खिशाला लावलं नाही. तेव्हापासून मी कुणालाही पेन देण्याआधी विचारतो, ५१ उघडताना काय वापरता? "पक्कड" किंवा "लायटर" ऐकलं तर पेन परत खिशात. हेअर ड्रायर, रबराची पकड आणि सबुरी, असं काहीतरी उत्तर यायला हवं.

दहापैकी बहुतेक पेनांना उघडायची वेळच येत नाही, धुण्यानेच काम होतं.

बाहेरची साफसफाई

नळी मऊ ओल्या कपड्याने पुसा, पुरे. बारीक ओरखडे असू देत. टोपणाबाबत सावध राहा, मंद, किंचित खरडल्यासारखी झाक असलेलं स्टीलचं टोपण असेल, ज्याला लस्ट्रलॉय म्हणायचे, तर त्याला ब्रासो किंवा कुठलंही पॉलिश लावायचं नाही. ती झाक मुद्दाम दिलेली आहे, पॉलिशने ती जाऊन चमकतं टोपण हाती येतं आणि ते मूळचं राहत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रश, बस. सोन्याचा मुलामा असलेल्या टोपणाला तर ब्रशही नको.

रोज वापरताना

पाव पिशवी उरली की भरून घ्या. पिशवी रिकामी होत आली की आत हवा जास्त असते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला पुढे ढकलते, म्हणून संपत आलेलं पेन जास्त ओलं लिहितं आणि कधी टिपूस सोडतं. कलेक्टर बरंच सांभाळून घेतो, पण मे महिन्यात दुपारी खिडकीशी बसून लिहीत असाल तर त्याचीही मर्यादा आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर पेन ठेवू नका, कधीच.

खिशात उभं, निब वर. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने दहा वेळा दाबून धुवा, शाईचा रंग बदलताना तर हमखास. गावाला जाताना पंधरा दिवसांहून जास्त राहणार असाल तर रिकामं करून, धुऊन, निब खाली ठेवून वाळवून मगच डब्यात ठेवा, आणि डब्यात डांबराच्या गोळ्या नकोत. घरात दुसरं कुणी हे पेन उचलणार असेल तर त्याला तेवढं सांगून ठेवा की टोपण फिरवायचं नसतं, सरळ ओढायचं असतं, कारण फिरवताना लोक हूड धरतात आणि हूड सैल व्हायची सुरुवात तिथूनच होते.